सेन्सरला आधी आपल्या वावराचा वाफसा शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शेतातले सेन्सर, ड्रोन आणि उपग्रह नकाशे यांबद्दल आपल्या अंकात अलीकडे बरंच छापून येतं. ते यायलाच हवं. पण या बातम्यांत यंत्र बसवल्याचा फोटो असतो. बसवल्यानंतर सहा महिन्यांनी ते काय आकडा दाखवत होतं आणि तो आकडा खरा होता का, हे क्वचितच वाचायला मिळतं. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या पट्ट्यात हा प्रश्न आधी विचारायला हवा. ओलावा मोजणारी बरीच यंत्रं कारखान्यातून हलक्या ते मध्यम जमिनीला जुळवून येतात. आपली भारी काळी जमीन त्या हिशेबात बसत नाही.

या जमिनीत चिकणमातीचं प्रमाण बहुतेक ठिकाणी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं, आणि ती चिकणमाती स्मेक्टाइट जातीची, म्हणजे पाणी प्यायली की फुगणारी आणि सुकली की आकसणारी. चैत्र-वैशाखात धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून पाहिलं तर हात जाईल एवढ्या भेगा दिसतात. आता सेन्सर कसा मोजतो ते पाहा. बाजारातले बहुतेक ओलावा सेन्सर मातीचा परावैद्युत गुणांक (विद्युत क्षेत्राला माती किती प्रतिसाद देते तो आकडा) मोजतात. पाण्याचा हा गुणांक सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि हवेचा १. सेन्सरच्या काडीभोवतीची माती आकसून बोटभर फट पडली की सेन्सर हवा मोजायला लागतो. फोनवर १२ टक्के दिसतं, शेतकरी घाबरून मोटर लावतो, पाणी त्याच फटीतून सरळ खाली उतरतं आणि पाच मिनिटांत फोनवर ४८ टक्के येतं. मुळांच्या थरात खरा ओलावा तेव्हा यातला कुठलाच नसतो.

दुसरी चूक आकड्याच्या अर्थाची आहे आणि ती जास्त नुकसान करते. सेन्सर आकारमानाने टक्के दाखवतो, तर प्रयोगशाळेचा ओलाव्याचा अहवाल बहुधा वजनाने असतो. एक उदाहरण घेऊ. वाफसा (मातीत पाणी आणि हवा दोन्ही जिथे मुळांना पुरतात ती अवस्था) असताना घेतलेली १०० ग्रॅम ओली माती भट्टीत सुकवल्यावर ७६ ग्रॅम भरली. पाणी २४ ग्रॅम, म्हणजे कोरड्या मातीच्या ३१.६ टक्के. मातीची घनता १.३ धरली तर आकारमानाने हाच ओलावा ४१ टक्के होतो. याच जमिनीत पीक कायमचं कोमेजतं तो बिंदू वजनाने १८ टक्के धरला, तर आकारमानाने तो साडेतेवीसच्या जवळ येतो. म्हणजे पिकाला घेता येईल असं पाणी ४१ आणि २३.५ यांच्या मधलं, फक्त साडेसतरा टक्के. त्यातलं निम्मं संपलं की ओलीत करायचं म्हटलं, तर सेन्सरवर ३२ दिसताच मोटर लावायला हवी.

आता हाच ३२ चा आकडा ॲपमध्ये मातीचा प्रकार ‘पोयटा’ (मध्यम जमीन) निवडलेला असताना पाहा. पोयट्याच्या हिशेबात ३२ म्हणजे वाफशाहूनही जास्त ओल. पडद्यावर हिरवा किंवा निळा पट्टा येतो, ‘पाण्याची गरज नाही’ असा संदेश येतो, आणि इकडे पऱ्हाटी (कपाशी) दुपारी मान टाकायला लागलेली असते. यंत्रात बिघाड नाही, तार तुटलेली नाही, आकडाही बरोबर आहे. फक्त त्याला या वावराचा वाफसा कोणी शिकवलेला नाही. आपल्याकडे वाफसा हा एवढा नेमका शब्द आहे, आणि यंत्र बसवताना तोच विचारला जात नाही.

हा वाफसा शिकवण्याची रीत अवघड नाही. सेन्सर आत येईल आणि बांध त्याच्यापासून फूटभर तरी लांब राहील असं पाहून मीटरभर लांब-रुंद जागेला छोटा बांध घालावा आणि त्या जागेला पोटभर पाणी पाजावं. वरून पालापाचोळा किंवा प्लास्टिक झाकावं, नाहीतर उन्हाने वरचा थर आधी सुकतो. भारी जमिनीत निचरा व्हायला दोन ते तीन दिवस लागतात. मूठभर माती दाबली की गोळा होतो पण हाताला चिखल लागत नाही, तेव्हा वाफसा आला. त्या क्षणी सेन्सरचा आकडा लिहून घ्यावा आणि सेन्सर ज्या खोलीवर आहे त्याच खोलीची माती गिरमिटाने काढावी. माती लगेच जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावं, कारण घरी नेईपर्यंत पिशवी उघडी राहिली तर सगळं गणित फसतं. भट्टीत १०५ अंशांवर २४ तास सुकवून वजन करायचं. मग झाकण काढून जमीन सुकू द्यायची आणि पाच-सहा दिवसांच्या अंतराने आणखी दोनदा हेच करायचं. तीन जोड्या मिळाल्या: यंत्राचा आकडा आणि खरा ओलावा. आलेख कागदावर मांडून त्यातून रेघ काढली की त्या जागेची दुरुस्ती हाती येते. प्रत्येक वेळी घनताही मोजावी. ठरावीक आकाराची लोखंडी नळी मातीत ठोकून भरलेली माती सुकवून तोलली की घनता कळते, आणि काळी माती सुकताना आकसते म्हणून ती दर वेळी थोडी वेगळी येते. भट्टी आणि काटा माती परीक्षण प्रयोगशाळेत असतात. कोमेजण्याचा बिंदू मात्र घरी निघत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतलं दाबाचं यंत्र लागतं, आणि तो आपल्या गावाच्या मातीसाठी एकदा काढून घेतला की पुन्हा पुन्हा काढावा लागत नाही.

बसवण्याची वेळही तितकीच महत्त्वाची. भेगाळलेल्या जमिनीत सेन्सर बसवू नये. दोन-तीन चांगले पाऊस होऊन भेगा मिटल्या, जमीन वाफशावर आली, की मग बसवावा. ठिबक असेल तर ड्रिपरपासून १० ते १५ सेंटिमीटरवर, तासात (पिकाच्या ओळीत), रोपाच्या बाजूला. एक सेन्सर २० ते २५ सेंटिमीटरवर, दुसरा ४५ ते ६० वर. भोक सेन्सरच्या जाडीइतकंच पाडावं. त्याच खोलीची माती चाळून, पाणी घालून, धिरड्याच्या पिठाइतकी पातळ करून भोकात ओतावी आणि मग सेन्सर आत सरकवावा, म्हणजे आजूबाजूला हवा राहत नाही. वर मातीचा छोटा उंचवटा करावा, नाहीतर पावसाचं पाणी नळीच्या कडेने उतरतं. पहिले १०-१५ दिवस आकड्यांवर भरवसा ठेवू नये. माती बसायला तेवढा वेळ लागतो. बसवणं नीट झालं की नाही, हे ओळखायची एक खूण आहे. पाणी दिल्यावर वरचा सेन्सर आधी वाढला आणि खालचा काही तासांनी, तर ठीक. दोन्ही एकाच वेळी उसळले तर पाणी कडेने घरंगळतंय. सेन्सर काढून पुन्हा बसवावा.

तारांचंही सांगायला हवं. उंदीर आणि घुशी तारा कुरतडतात, रानडुकरं उकरतात, रोही खांबाला अंग घासतात. तार पाइपमधून, जमिनीखाली फूटभर, डवऱ्याच्या फाळाला लागणार नाही अशी न्यावी. डवरणीच्या दिवशी सालदाराला सेन्सरची जागा दाखवून ठेवावी, आणि तिथे लाल फडकं लावलेली काठी रोवावी. हे साधं वाटतं, पण यंत्र बंद पडण्याची कारणं बहुतेक वेळा अशीच साधी असतात.

ज्यांना इलेक्ट्रॉनिक यंत्राचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी टेन्शिओमीटर अजूनही चांगलं साधन आहे. पाण्याने भरलेली नळी, खाली सच्छिद्र मातीचा कप, वर घड्याळासारखी डबी. माती कोरडी होईल तशी ती कपातून पाणी ओढते आणि काटा सेंटिबारमध्ये ती ओढ दाखवतो. टक्क्यांचा घोळ इथे नाही. मूळ जी ओढ सोसतं तीच काटा दाखवतो. कप २४ तास पाण्यात भिजवावा, नळीत उकळून गार केलेलं पाणी भरावं (साध्या पाण्यातली हवा बुडबुडे करते), आणि बुच घट्ट लावावं. काटा सकाळी उन्हं चढण्याआधी वाचावा. कापसाला भारी जमिनीत ५० ते ६० सेंटिबारच्या दरम्यान पाणी द्यावं. मर्यादा एवढीच, की ८० च्या पुढे कपातून हवा आत शिरते आणि काटा धाडकन शून्याकडे येतो. तो शून्य पाहून ‘जमीन ओली आहे’ असं समजून पाणी थांबवणं ही या यंत्राची सगळ्यात महागडी चूक. नळीतली पाण्याची पातळी खाली गेली असेल तर तो शून्य खोटा आहे. नळी पुन्हा भरावी.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण येते. मातीत क्षार असले की वीज जास्त वाहते आणि स्वस्त, दोन काट्यांचा सेन्सर क्षारालाच ओलावा समजतो. वर त्याचे काटेही गंजतात. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या या गावांत दोन काट्यांचा सेन्सर घेऊच नये. क्षार नसलेल्या वावरातही ठिबकमधून खत सोडल्यावर काही सेन्सरचा आकडा चढतो आणि दोन-तीन दिवसांनी उतरतो. म्हणून खत सोडल्याची तारीख वहीत असायला हवी.

एकरी किती सेन्सर, हा प्रश्न नेहमी विचारला जातो, पण मोजमाप एकरावर नाही, मातीवर असतं. आपल्याकडे एकाच पाच एकरांच्या तुकड्यात वरच्या अंगाला बरड, फूट-दीड फुटावर मुरूम, आणि नाल्याकडच्या खोलगटात चार-पाच फूट काळी माती असते. खोलगटातला सेन्सर ‘ओल आहे’ सांगतो तेव्हा बरडावरची तूर सुकत असते. सेन्सर घ्यायच्या आधी एक दिवस गिरमिट घेऊन फिरावं. दर ३० पावलांवर भोक, मुरूम किती खोलीवर लागला ते कागदावर. पाच एकरांत तीस-चाळीस भोकं होतील आणि वावराचे दोन किंवा तीन भाग आपोआप दिसतील. प्रत्येक भागासाठी एक सेन्सर, आणि जमलं तर ठिबकचा वेगळा व्हॉल्व्ह. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आहे, तिथल्या नकाशांचा उपयोग तालुक्याच्या पातळीवर होतो. पण धुऱ्याच्या आतला फरक गिरमिटानेच कळतो.

माती परीक्षणाचंही तेच. मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा बागायती भागात अडीच हेक्टरला आणि कोरडवाहू भागात १० हेक्टरला एक नमुना, असं प्रमाण ठरलं. १० हेक्टर म्हणजे २५ एकर. कोरडवाहू विदर्भात एवढ्यात चार-पाच जणांची वावरं येतात. पत्रिकेतले १२ घटक मोलाचे आहेत, पण त्या नमुन्यावरून आपल्या तुकड्याचा खताचा नकाशा करता येत नाही. प्रत्येक भागातून नागमोडी चालत १० ते १५ ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’सारखा २० सेंटिमीटरचा खड्डा, कडेची बोटभर जाड माती, सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन फेकायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. शेणखताचा उकिरडा, झाडाची सावली, धुऱ्याची कड सोडावी. जस्त, लोह तपासायचं असेल तर लोखंडी खुरपं वापरू नये; लाकडी किंवा प्लास्टिकचं घ्यावं.

ठिबकची तपासणी सेन्सरच्या आधी व्हायला हवी. सेन्सर एका ड्रिपरजवळ बसतो. तो ड्रिपर चांगला आणि टोकाचे चोंदलेले असतील तर सेन्सर समाधानी आणि टोकाकडची झाडं तहानलेली. चार नळ्या निवडाव्यात: पहिली, शेवटची आणि मधल्या दोन. प्रत्येक नळीवर सुरुवातीला, दोन जागी मध्ये आणि टोकाला अशा चार ड्रिपरखाली डबे ठेवावेत. सहा मिनिटं पाणी जमवून मिलिलिटरमध्ये मोजावं. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरने ४०० मिलिलिटर द्यायला हवं. सोळांची सरासरी ३८० आली आणि सगळ्यात कमी चार डब्यांची २९०, तर समानता ७६ टक्के. ती ८५ च्या वर असावी. कमी आली की आधी गाळणी धुवावी आणि नळ्यांची टोकं उघडून गढूळ पाणी सोडावं. ड्रिपरवर पांढरा थर असेल तर आम्ल. किती, ते विहिरीच्या पाण्यावर ठरतं: १० लिटर पाण्याची बादली घ्यावी, हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालत सामू (पीएच) ४ वर येईपर्यंत किती मिलिलिटर लागलं ते मोजावं. ६ लागलं तर हजार लिटरला ६००. आम्ल पाण्यात घालावं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ब्लिचिंग पावडर त्याच वेळी वापरू नये, विषारी वायू निघतो. आम्लाचं पाणी रात्रभर नळ्यांत ठेवून सकाळी टोकं उघडून धुवावं.

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्रा बागांत खोल सेन्सरचा उपयोग कापसापेक्षाही जास्त आहे. आंबिया बहराची फुलं यावीत म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडलं तरी भारी जमिनीत झाडाला ताण बसायला वेळ लागतो, कारण वरचा थर कोरडा दिसत असताना दोन फुटांवर ओल असते. ६० सेंटिमीटरवरचा सेन्सर ती दाखवतो, आणि तो उतरल्याशिवाय ताण सुरू झाला असं धरू नये. उलट एरवी ओल सतत चढलेली राहिली तर फायटोप्थोरा (मुळं कुजवणारी बुरशी) आणि डिंक्या ठरलेलाच. ड्रिपर बुंध्यापासून लांब, पसाऱ्याच्या परिघाजवळ असावेत.

उपग्रहाच्या नकाशाचं थोडक्यात सांगतो. सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात, दर पाच दिवसांनी, १० मीटरच्या चौकटीत. एका एकरात अशा सुमारे ४० चौकटी येतात आणि कडेच्या चौकटींत धुरा, पांदण सगळं मिसळतं. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे चित्रं फारशी मिळत नाहीत. ऑक्टोबरनंतर कापूस-तुरीसाठी ती खरंच कामाची आहेत, पण पिवळेपणाचं कारण त्यांना कळत नाही; कुठल्या कोपऱ्यात जाऊन पाहायचं एवढंच कळतं. संत्रा बागेत तर दोन ओळींमधलं हिरवं तणही झाडाच्या हिरवाईत जमा होतं.

ड्रोनबद्दल आमचं मत ठाम आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. छातीएवढ्या पऱ्हाटीत माणूस न शिरता फवारणी होणार असेल तर ती हवीच. पण पाठीवरच्या पंपाने एकरी १५० ते २०० लिटर पाण्यात जाणारी मात्रा ड्रोनने १० लिटरमध्ये जाते. द्रावण १५ ते २० पट तीव्र होतं. म्हणून दोन औषधं मिसळण्याआधी त्याच प्रमाणात काचेच्या बरणीत करून अर्धा तास पाहावं, फाटलं किंवा साका बसला तर टाकीत घालू नये. टाकी भरणाऱ्याच्या अंगावर उडालेला थेंबही तेवढाच तीव्र असतो, त्यामुळे हातमोजे आणि मास्क इथेही लागतात. वारा ताशी १० किलोमीटरच्या वर असेल तर उड्डाण नाही, उंची शेंड्यापासून दीड ते अडीच मीटर. दाट पऱ्हाटीत थेंब खाली पोचतात का, हे पाणी लागताच निळा पडणारा पिवळा कागद शेंड्याला, मध्ये आणि खालच्या पात्यांजवळ अडकवून एकदा पाहावंच. खालचे कागद पिवळेच राहिले तर पांढरी माशी पानाखाली सुखरूप आहे.

आता मागणी. अनुदानावर दिलेल्या प्रत्येक ओलावा सेन्सरसोबत त्या वावराच्या मातीचे तीन बिंदू लिहिलेला कागद शेतकऱ्याच्या हातात यायला हवा: वाफसा, निम्मं पाणी संपल्याचा आकडा आणि कोमेजण्याचा. ॲपमध्ये रंगीत पट्ट्यासोबत मूळ आकडा दिसायला हवा, आणि ‘भारी काळी’ हा पर्याय मराठीत हवा. मोका तपासणीत यंत्रासोबत शेतकऱ्याचा फोटो घेऊन भागू नये. त्याच दिवशी माती काढून यंत्राचा आकडा जुळतो का, ते पाहावं. आणि सगळ्यात निकडीचं म्हणजे, मार्चअखेर खर्च दाखवण्याच्या घाईत सेन्सर भेगांत उभे केले जाऊ नयेत. खरेदी मार्चमध्ये होऊ द्या, पण पेट्या सहायक कृषी अधिकाऱ्याच्या खोलीत राहू द्या. मृगाचे पाऊस पडून भेगा मिटल्या आणि वाफसा आला की मग त्या वावरात न्याव्यात.

आपले,
सिंचन व मृदा विषयाचे काही कृषी पदवीधर,
जि. यवतमाळ